लिहून देणार, लिहून घेणार

वांद्र्याच्या कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानात
पोटमाळ्यावर बसतात टायपिस्ट वाघचौरे.
पाचशेचा स्टॅम्पपेपर त्यांनी उजेडात धरून पाहिला
आणि विचारलं, लिहून देणार कोण?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं,
हॉटेलात बिल आल्यावर पाहायचो तसं.
मग हेरंब झाला लिहून देणार,
मी लिहून घेणार.

कन्नमवार नगरातली खोली, तीनशे वीस चौरस फूट.
चतुःसीमा सांगा, वाघचौरे म्हणाले.
पूर्वेस खाडीवरून येणारा वारा.
तो नको, भिंत लिहितो.
पश्चिमेस जिना.
दक्षिणेस तांडेलांचं स्वैपाकघर,
जिथला सुक्या बोंबलाचा वास
एकोणीस वर्षं आमच्या भांडणात मध्यस्थी करायचा.
उत्तरेस काय, ते दोघांनाही आठवेना.

खोली मला.
कर्जाचे उरलेले अकरा हप्ते त्याला.
पाटल्या माझ्या.
मोहनमाळ त्याच्या आईची, म्हणून त्याची;
ती मी दोनदा गहाणातून सोडवली होती,
पण तसलं कलम नसतं.

मग शिडी आठवली.
ॲल्युमिनियमची, पाच पायऱ्यांची,
पहिल्या दिवाळीत पंखे पुसायला
खालच्या डिकुन्हांकडून मागून आणलेली.
ते विरारला गेले,
शिडी राहिली.
कोणाची लिहू?
वाघचौऱ्यांचं बोट अधांतरी.
हिची, तो म्हणाला.
ह्याची, मी म्हणाले.
चार महिने चमच्यांवरून भांडलेली आम्ही माणसं
अशी अचानक उदार झालेली पाहून
वकीलबाईंनी घड्याळ बघितलं:
वगळा ती.

‘सदर करार उभयतांनी अक्कलहुशारीने,
राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना…’
राजीखुशीने वाचून खाली सही करताना
माझं पेन बंद पडलं.
हेरंबनं त्याचं दिलं.
घरी आल्यावर पर्स उघडली तर
ते माझ्याकडेच.

रविवारी तो सामान न्यायला आला.
त्याची ट्रंक माळ्यावर, अगदी मागे,
पाण्याच्या जुन्या पिंपापलीकडे.
त्याचा गुडघा दुखरा,
म्हणून मीच चढले.
कोणाचीच नसलेली शिडी
पहिल्या पायरीपासून करकरायला लागली.
त्यानं दोन्ही हातांनी ती धरली,
न सांगता, मान वर करून.
तोंडावर धूळ पडत होती, तरी बाजूला झाला नाही.

घट्ट धर, मी म्हणाले.
करार होऊन तीन दिवस झाले होते.