झीलकरी

लॅमिंग्टन रोडला जिन्याखालच्या साडेचार फुटांत
आप्पांचं दुकान, खातू रेडिओ अँड ग्रामोफोन.
उभं राहायचं ते गिऱ्हाइकानं, फूटपाथवर.
आत फक्त बसता यायचं
आणि ऐकता.

दुरुस्त झालेल्या यंत्राची परीक्षा घ्यायला
एकच एलपी ठेवलेली.
ओर्लेमच्या मॉली मिस्किटाबाईंची.
बहात्तर साली बाई टर्नटेबल घेऊन गेल्या,
तबकडी राहिली.
निरोप आला, शनिवारी येते.
आप्पांनी कव्हरच्या पाठीला चिठ्ठी डकवली:
मिस्किटा, शनिवार.
कुठला, ते लिहिलं नाही.

कव्हरवर डेट्रॉइटचा एक काळा तरुण,
शर्ट घामानं छातीला चिकटलेला, डोळे मिटलेले.
डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं गाव, एवढं आप्पांना ठाऊक.
"आपल्या कुर्ल्यासारखं.
दिवसभर बोल्ट आवळायचे,
रात्री गळा सैल करायचा."

इंग्रजी त्यांना व्होल्टेजपुरतं.
बेबी, बेबी, असं इतकं कळवळून म्हणतोय
म्हणजे लेक आजारी असणार,
अशी त्यांची कितीतरी वर्षं समजूत.
आठवीत गेल्यावर मी सांगितलं,
आप्पा, बेबी म्हणजे बायको.
सोल्डरिंगचा धूर फुंकून ते म्हणाले,
"तरी आजारीच असणार."

आणि सोल म्हणजे?
"चपलेचा?"
नाही हो, आत्मा.
"दोन्ही चालेल. झिजतो तोच."

पण त्यांचा कान त्या गड्यावर नव्हताच.
त्याच्या मागे तीन बायका होत्या.
तो हो म्हणाला की हो,
नाही म्हणाला की नाही, नाही, नाही,
तो वरच्या सुरावरून कोसळायला आला
की खालून सहा हात.
"झीलकरी!" आप्पा मांडीवर थाप मारत.
एकोणसाठ साली ते स्वतः उभे होते तसे,
नायगावात, लालबागला, चिंचपोकळीच्या मैदानात,
डावा हात कानावर,
शाहिराचा शब्द संपायच्या आत त्याला उचलून धरत,
जी रं जी.
पेपरात फोटो आला होता, तो गल्ल्याच्या वर लावलेला.
शाहीर अख्खे.
आप्पांचा एक कान
आणि तुणतुण्याची खुंटी.

त्या तिघींची नावं शोधायला त्यांनी
डोळ्याला भिंग लावून कव्हर वाचून घेतलं माझ्याकडून.
कंपनीचा मालक सापडला, इंजिनियर सापडला,
छापखान्याचा पत्तासुद्धा.
बायका नाहीत.
मग त्यांनीच बारसं केलं.
डाव्या स्पीकरातली गोदा, उजव्यातली चंद्रा.
मधलीला राहू दे, म्हणाले,
तिचं ती सांगेल.

तिसऱ्या कडव्याच्या शेवटी त्या गड्याचा आवाज फाटतो.
ढोलवाला थांबतो, सगळेच थांबतात.
तेवढ्यात मधली अर्धी मात्रा आधी श्वास घेते.
बस. चूकच म्हणायची ती.
आप्पा बोट वर करायचे: "ऐक. भरला श्वास."
तिथे तबकडी पांढुरकी पडलीये.
"सुई इथे पुन्हा पुन्हा टेकवलीये कुणीतरी.
आपल्या आधी."
आणि ओर्लेमच्या दिशेला, म्हणजे जिन्याच्या भिंतीकडे,
बघत बसायचे.

गेल्या महिन्यात वांद्र्याहून एक दाढीवाला मुलगा आला.
मोबाइलवर काहीतरी ताडून पाहिलं,
आठ हजार म्हणाला.
लावून दाखवा.
लावली.
फूटपाथवर उभा राहून, डोकं आत घालून ऐकत होता.
तिसऱ्या कडव्याशी त्यानं नाक मुरडलं,
"इथे खराब आहे, आंटी. साडेसहा देतो."

मी सुई उचलली.
केव्हापासून कोण जाणे, माझा डावा हात
कानावर गेलेला होता.

विकायची नाही रे, म्हटलं,
आणि चिठ्ठी दाखवली.
बाई येणार आहेत शनिवारी.