डाख

"हाई काय मांडं वं?" आबांनी विचारलं.
थंडी, मी म्हटलं.
भंगारातला कॉम्प्रेसर, कुठल्याशा बँकेने फेकलेल्या एसीची जाळी
आणि वजनावर घेतलेली तांब्याची नळी,
मागच्या खोलीत, जिथे त्यांची बागेसरी असायची.
भुसावळात मे महिन्यात
दुपारी कुलपालाही कोणी उघड्या हाताने शिवत नाही.

आबा, म्हणजे पुंजू दुसाने,
सोन्याला डाख देण्यात हयात गेलेला माणूस.
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
ज्योत मऊ की कडक ते आवाजावरून सांगतात.

नळी करवतीने नाही, कटरने कापली.
तोंड खाली धरून कोर खरवडली
म्हणजे कीस आत जाणार नाही.
आबांनी खाली हात धरला, सवयीने,
मग हसून झटकला. तांबंच होतं.
टाकणखार काढू का, म्हणाले.
तांब्याला तांबं जोडताना लागत नाही,
या कांडीतच सगळं आहे. पाच टक्के चांदी.
"पाच?"
एखाद्या गिऱ्हाइकाने फसवल्यासारखे
बराच वेळ कांडी हुंगत राहिले.

तेवढ्यात शेजारचा युनूस, गॅसवेल्डर,
दारात सिलिंडर घेऊन उभा.
दाब तपासायचा ना? घे, ऑक्सिजन मार, पैसे नको.
नको, मी म्हटलं. जरा मोठ्यानेच.
कॉम्प्रेसरच्या पोटात तेल आहे,
तेलाला दाबाचा ऑक्सिजन भेटला
की काडी लागत नाही.
युनूस काही बोलला नाही.
स्वतःच्या भुवईवरच्या जुन्या पांढऱ्या रेघेवरून
त्याने एकदा अंगठा फिरवला,
आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच लोडिंग रिक्षातून
जळगावहून नायट्रोजन आला.

खिडक्या उघडल्या. पाण्याची बादली ठेवली.
व्हॉल्व्हला ओलं फडकं, तापलेल्या पोराला घालतात तसं.
नळीतून नायट्रोजन सोडला, अगदी हळू,
गालाजवळ धरला तर फुंकर लागावी इतकाच,
नाहीतर बाहेरून सांधा लखलखतो
आणि आत काजळी धरते.

आंच नळीला दे, कांडीला नको.
हे मला आयटीआयत शिकवलं होतं,
पण आबा म्हणाले, मागेल तेव्हा दे.
तांबं पिकल्या बोराच्या रंगावर आलं
आणि कांडी टेकवताच रस आपणहून
सांध्याभोवती फिरला, आत ओढला गेला,
मला काही करावंच लागलं नाही.
"बसला," आबा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

सहा सांधे. संध्याकाळी काटा तीनशेवर,
बाहेर बेचाळीस.
पहाटे उठून पाहते तर दोनशे सत्याऐंशी.

साबणाचा फेस केला, ब्रशने
एकेका सांध्याला लावला, टॉर्च धरून.
पहिला, दुसरा. चौथ्याला वाटलं एक बुडबुडा,
तो माझ्याच घामाचा थेंब पडून झालेला.
सहावा. परत पहिला.
जमिनीवर बसून राहिले, फेस मनगटावर वाळत गेला.
सगळं कापून नव्याने करायचं
तर कांड्या उरल्या होत्या दोनच.

आबा चाचपडत आले, नळीवर तळहात ठेवला.
गार आहे, म्हणाले. रात्री किती उतरलं होतं?
एकोणतीस.
"तापेल बांगडीनं माप कोनी लेस का, बेटा?"

मग आम्ही काही केलं नाही.
चहा झाला, नळ आला, गेला.
युनूस दोनदा डोकावून गेला, तिसऱ्यांदा येऊन बसलाच.
ऊन पत्र्यावर चढत गेलं
आणि काट्याने हलताना काही दाखवलं नाही,
नजर काढली की तेवढ्यात पुढे गेलेला.
तीन वाजता तीनशे दोन.

अजून हवा ओढून नळ्या रित्या करायच्या आहेत,
गॅस भरायचा आहे, खोली आहे तशीच भट्टी.
ओला टॉवेल डोक्यावर घेऊन
आबा गेजशेजारी झोपलेत,
न दिसणाऱ्या काट्याकडे तोंड करून.