पिवळे दांडे

लोट्याच्या शेडमध्ये पत्रा येतो कागदात गुंडाळून,
घावनाहून पातळ.
उघड्या हातानं शिवायचं नाही.
घामातलं मीठसुद्धा पुरतं, नसरीन परकार सांगते,
आणि इथं तर हवाच खारी.

रोलरमधून तो गोल होऊन निघतो.
उभी शिवण नसरीनची:
आर्गनची बारीक फुसफूस, तिचा रोखलेला श्वास, एकच रेघ.
मग नळीत नळी, तिच्यात आणखी एक.
तीन पदर. मध्ये धुळीचा कण नको.

पुढचं माझ्याकडे.
बाहेरून कड्या घालायच्या, मापानं,
तोंडं बंद करून आत पाणी.
काटा चढतो तशी कड्यांमधली जागा फुगू लागते.
तेवढ्यात जॅकनं वरून मिटवत आणायचं.
घाई केली की फाटतं,
रेंगाळलं की निरी वाकडी बसते.
ड्रॉइंगवर काहीही लिहू देत,
आम्ही निऱ्याच म्हणतो.

साबणपाणी लावून हवा भरतो. बुडबुडा नाही.
मग भात्याला चार पिवळे दांडे,
घाटातल्या वळणांवर ताणू नये, मिटू नये म्हणून.
टॅगवर ठळक: जोडून झाल्यावर काढणे.

पौषात खाडीजवळच्या प्लांटचा फोन.
भाता काम करत नाही म्हणे.
मी आणि विश्राम भुवड गेलो मोटारसायकलनं.
वीस मीटरचा नळ, आत वाफ,
तापला की चार बोटं लांबतो. लांबणारच.
टोकाच्या आधाराचे बोल्ट तुटलेले,
काँक्रीटला हातभर चीर,
आणि मध्ये आमचा भाता, नवाकोरा,
एक निरी हललेली नाही.
चारही दांडे जागच्या जागी.
नळाला शोभावा म्हणून त्यांना चंदेरी रंग दिलेला.
टॅगलासुद्धा.

साइटवरचा पोरगा, मिशीसुद्धा धड न फुटलेला,
म्हणाला, मला वाटलं त्यानं बळकटी येते.
विश्राम हसला नाही.
पाना दे, म्हणाला.

बोल्ट बदलून चौथ्या दिवशी वाफ सोडली.
मी लांबून पट्टी धरली.
आधी काहीच नाही.
मग निऱ्या एकमेकींकडे सरकल्या,
एक बोट, दोन,
कुठंही कुरकुर न करता.
पोरगा वाकून बघत राहिला,
त्याचा चहा गार झाला.

दांडे परत आणले.
शेडमागे दोन खुंट्यांवर आडवे टाकलेत.
नसरीन त्यांच्यावर हातमोजे वाळत घालते.
रंग निघतोय,
खालचा पिवळा दिसायला लागलाय.