वारंगा फाटा ते अर्धापूर

हिंगोली–नांदेड, सकाळची साडेसहाची.
वारंगा फाट्यावर चालकानं खिचडी खाल्ली,
मी चिल्लर मोजली, दोनदा,
आणि पायरीवर ठेवायला उचललेला उजवा पाय
आलाच नाही.

दुखला नाही, लचकला नाही, मुंग्यासुद्धा नाहीत.
मी म्हटलं चल,
तर तो दुसऱ्याच कुणाच्या कमरेखालचा असल्यासारखा
डांबरावर उभा.

शिटावरची एक म्हातारी म्हणाली, अंगात आलंय, बसू द्या तिला.
डेपोत म्हणाले, नाटकं करायली,
जादा गाड्यांची ड्युटी लागली की बाईचा पाय जातो.
सासू काहीच बोलली नाही. मीठ-मिरच्या ओवाळून
चुलीत टाकल्या, ठसका लागला नाही,
म्हणजे नजर, असा तिचा पुरावा.

एमआरआयचा पुरावा वेगळा :
सगळं नॉर्मल.
साडेसहा हजार भरून मिळालेलं हे ‘काही नाही’
पिशवीत घालून मी अडीच महिने
एका पायावर तिकिटं काढली.

मग नांदेड, डॉक्टर लेन, दुसरा मजला.
डॉक्टर फरहानांनी रिपोर्ट बाजूला सारला,
मला आडवं केलं, उजव्या टाचेखाली तळहात ठेवला.
उजवी टाच दाबा.
दाबली. हातावर माशी बसावी तेवढीच.
आता तिला विसरा. डावा पाय वर उचला, मी अडवते, उचला.
उचलला,
आणि उजवी टाच आपसूक खाली रुतली
त्यांच्या तळहातात, जोरात,
जातं ओढताना पाय रोवावा तशी.
बघा, म्हणाल्या. आहे पाय.
तार शाबूत आहे. निरोप वाटेत अडतो.
तुम्ही अडवत नाही. ढोंगही नाही.

मी तिथंच रडले. कागद पसरलेल्या त्या अरुंद खाटेवर.

मग त्यांनी विचारलं, पाळी कधी आली होती?
मालक एकदम पंख्याकडं बघायला लागले.
जुन्या वेबिलांच्या पाठीवर मी फुल्या मारल्या होत्या
पाय गेल्याच्या, त्या काढून दिल्या :
तेविसावा दिवस. चोविसावा. पंचविसावा. पुन्हा चोविसावा.
पाय जायचा आणि चार दिवसांत अंगावरून जायचं,
एकामागं एक फेऱ्या लागाव्यात तसं.
मला काय माहीत ह्या दोन गाड्या एकाच डेपोच्या?

एकाच आहेत का, तेही नक्की नाही, डॉक्टर म्हणाल्या.
इस्ट्रोजन, प्रोजेस्टेरॉन, ही नुसती गर्भपिशवीची माणसं नव्हेत,
मेंदूतही त्यांचं जाणं-येणं असतं.
शेवटच्या आठवड्यात ती उतरतात,
झोप उडते, धसका लवकर बसतो, उंबरठा खाली येतो.
पाय थांबवतात असं नाही. थांबायला सोपं करत असतील.
किती, कुणाला, कसं,
आम्हालाही अजून नीट उमगलेलं नाही.

डॉक्टरच्या तोंडून ‘उमगलेलं नाही’
मी पहिल्यांदा ऐकलं. गोळीपेक्षा त्यानंच बरं वाटलं.

आता शेहेचाळीस सरलं.
पाळी दोन महिने गायब, मग पंधरा दिवसांत दोनदा.
चोविसावा दिवस येतो की नाही, तोच कळत नाही,
आणि पाय मात्र अधूनमधून जातो,
जुनं वेळापत्रक भिंतीवरच राहिलंय,
गाड्या केव्हाच बदलल्यात.
थायरॉइड तपासलं. ते बरं आहे.
व्यायाम शिकवणारी श्रावस्ती सांगते,
पायाकडं बघू नका मावशी, बघितलं की लाजतो तो.
दुसरं काही धरा मनात.

मी थांबे धरते.
कळमनुरी. बाळापूर. वारंगा. डोंगरकडा.
काल अर्धापूरला केळीचे घड घेऊन एक पोरगं चढलं,
सुट्ट्यावरून माझ्याशी भांडलं, कडाकडा,
आणि भांडता भांडता मी मागच्या दारापर्यंत जाऊन
परत आले, कुठंही न धरता.
लक्षात आलं तेव्हा गाडी आसना पुलावर.
वेबिल उलटं केलं, तारीख घातली.
पुढं काय लिहावं सुचेना.
पेन तसाच कानावर ठेवला.