समोर कोण?

क्षेमकल्याणी सरांनी मला रंगचक्र शिकवलं
सायकलच्या जुन्या रिमवर.
रविवार कारंजावरच्या स्टुडिओत, मागच्या अंधाऱ्या खोलीत,
रिमला बारा चिंध्या बांधलेल्या,
शिंप्याकडून फुकट आणलेल्या.
रिम फिरवायचे, थांबली की विचारायचे,
"समोर कोण?"
लालासमोर हिरवा. निळ्यासमोर नारिंगी.
पिवळ्यासमोरची चिंधी मात्र उंदरानं नेली होती.
"तिथं जांभळा धर," म्हणायचे, "मनातल्या मनात."

समोरासमोरचे शेजारी बसव, दोघंही उजळतात.
कालवलेस, की चिखल.
(हे माझ्या लग्नाआधीचं.
मी तेव्हा फक्त फोटोपुरतं ऐकलं.)
पिवळा ओरडतो, त्याला जागा कमी दे.
एक वाटी पिवळा, तर तीन वाट्या जांभळा.

गेल्या महिन्यात सरांच्या उजव्या डोळ्याचा
मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली त्या दुपारी फोन:
"अगं, बाथरूमच्या फरशा पांढऱ्या आहेत!
डाव्यानं बघितल्या तर अजून तुपकट.
दहा वर्षं मी लोकांच्या लग्नांत निळा वाढवत बसलो,
सगळ्या नवऱ्या थंडीनं काकडल्यासारख्या निघाल्या असणार."
हसले. मग गप्प. मग म्हणाले,
"एक जांभळा पाठव. खरा."

म्हणून रंगपंचमीला तिवंध्यात,
कॅमेरा दुधाच्या पिशवीत गुंडाळून.
वर्षभर रस्त्याखाली झोपलेली रहाड उघडलेली.
शनी चौकात गुलाबी, दिल्ली दरवाजाला केशरी,
आणि इथं पिवळा. नुसता पिवळा.
भिंती पिवळ्या, ढोल पिवळे, एक कुत्रं पिवळं,
बंदोबस्तावरच्या हवालदाराचे कान पिवळे.
पडद्यावरचा आलेख उजव्या भिंतीला टेकून धापा टाकत होता.

जांभळा शोधला.
काळ्या द्राक्षांची गाडी होती कोपऱ्यावर:
लव पुसली तर काळी, ठेवली तर राखाडी.
दुसऱ्या मजल्यावर एक साडी वाळत होती, अगदी हवी तशी,
मी कॅमेरा वर केला आणि बाईनं ती आत ओढली.

मग पायरीवर तो पोरगा.
एकटाच कोरडा. कोपर असं उचलून धरलेलं
जसं ते दुसऱ्या कुणी सांभाळायला दिलंय.
सायकलवरून पडला होता,
आईनं जांभळं औषध थापलं होतं, सढळ हातानं.
"धप्पा मारायचा नाही म्हटलीये," तो म्हणाला,
मी न विचारताच.

अख्खा चौक पिवळा आणि रुपयाएवढा जांभळा.
वाट्यांचा हिशेब साफ उलटा,
तरी डोळा पुन्हा पुन्हा तिथंच,
जीभ जशी पडलेल्या दाताच्या जागी जाते.

आई कुणाशी तरी बोलायला वळली.
तेवढं त्याला पुरलं.

फोटो तसा चुकलाय.
फोकस आईच्या उघड्या तोंडावर,
पोरगा हवेत, अर्धा चौकटीबाहेर,
कोपराची फक्त एक जांभळी रेघ
पिवळ्यावर ओढलेली, खोडल्यासारखी.
वर आला तेव्हा डाग तसाच होता,
काठाशी, जिथं पाणी शिरलं, तेवढा तपकिरी.
आईनं पाठीत एक दिला. पाचही बोटं पिवळी.

सरांना पाठवला.
"कुठल्या डोळ्यानं बघू?"
"आळीपाळीनं."

बराच वेळ काही नाही.
मी सरकारवाड्याच्या पायऱ्यांवर बसून
लेन्सच्या कडेला बसलेला रंग नखानं खरवडत राहिले.

मग आलं:
"उजव्यात जांभळा आहे. आहेच.
डाव्यात पोरगं नुसतं मळलेलं दिसतंय.
सोमवारी डाव्याचंही ऑपरेशन.
त्याच्या आधी एकदा स्टुडिओत येऊन जा.
हा माझा जुना पिवळा
कुणाला तरी नीट सांगून ठेवायचाय."