चष्मा वर राहिला

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चढ चढायचा,
गुडघ्यालाही बरा, साखरेलाही.
वालपारायसोत चढाला काय तोटा!
माझ्या दुकानाच्या दारातूनच जिना सुरू होतो,
आणि शेजारची लिफ्ट मार्चपासून बंद,
तिच्यात कबुतरं राहायला गेलीत.

पायऱ्या मोजायला घेतल्या.
चाळीसपर्यंत नीट.
मग पिवळ्या पत्र्याच्या घरातून कांदा परतल्याचा वास आला,
आणि आकडा घरंगळत गेला थेट बंदरात,
जिथे समुद्रसिंह भुंकत होते.
एकशे बासष्ट आहेत, हे मला बाउदिलिओने सांगितलं.
वरच्या टोकाला तो रेडिओ दुरुस्त करतो.
एक खिडकी, दोन स्टुलं, आणि पोट उघडे टाकलेले रेडिओ.

मी जन्माची आरंभशूर.
उड्या मारायची दोरी आणली, तिच्यावर टॉवेल वाळतात.
जागची न हलणारी सायकल मांजराला दिली.
पोहण्याच्या वर्गाची तीन महिन्यांची पावती आहे,
मी भिजले दोनदा.
नव्याचे नऊ दिवस म्हणतात लोक.
माझे चार,
त्यातला एक रविवार.

पहिल्या दिवशी वर गेले, स्टुलावर टेकले,
धाप उतरेपर्यंत त्याच्या मेहुण्याची निंदा ऐकली,
खाली आले. गिऱ्हाईक उभं.
झिपा दुरुस्त करते मी. चाळीस वर्षं तेच.
झीप डोळ्यांशी धरली, दात दिसेनात.
चष्मा वर.

दुसऱ्या दिवशी चष्म्यासाठी गेले, छत्री ठेवून आले.
छत्रीसाठी गेले तर पावांची पिशवी राहिली,
आणि पावांसाठी गेले तेव्हा
(पाव त्याने खाल्ले होते, चांगले होते म्हणाला)
पुन्हा चष्मा.

जुलैत डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पाहिला,
माझ्याकडे पाहिलं, परत कागद.
"एदुविहिस, ही शिस्त कुठून आणलीत?"
मी पर्सचा बंद उगाच ओढत बसले.
आमच्या घरात शिस्त हा शब्द
फक्त थोरल्या बहिणीसाठी काढून ठेवलेला असायचा,
चांदीच्या चमच्यासारखा.

मग बाउदिलिओला कणव आली.
एका संध्याकाळी तो दारात उभा राहिला,
एकेक वस्तू हातात देत गेला,
चष्मा, छत्री, किल्ली, मफलर.
"काही राहिलं नाही ना?"
नाही, काहीच नाही.

सकाळी सगळं टेबलावर, ओळीने, माझ्याकडे बघत.
खिडकीत धुकं.
गॅसवाला सिलिंडर बडवत गेला.
मी चहा केला. दुसरा केला.
उद्या, म्हटलं.
उद्याही म्हटलं.
असे सहा.

सातव्या दिवशी एका पोराचं जाकीट आलं.
झीप वर येते, छातीपाशी अडते, रोज तिथेच.
आई वैतागलेली, "फेकू का?"
थांबा, म्हटलं. ओढायची नाही.
जिथे अडते तिथून पार तळाला न्यायची,
दातांवर पेन्सिलीचं शिसं घासायचं,
पुन्हा वर.
अडली? पुन्हा खाली.
घाई केली तर कापड चावते.
पोरगं टक लावून बघत होतं.
मी तीनदा केलं, चौथ्यांदा गळ्यापर्यंत गेली.

दुकान लावलं.
पहिल्या पायरीवर पाय ठेवला, एक,
दोन,
पिवळ्या घरात आज मासा होता.

"काय राहिलं होतं?" बाउदिलिओ.
मी खिसे चाचपले.
"काही नाही."
तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला,
मग पायाने स्टूल पुढे सरकवलं.
मेहुण्याने म्हणे आता बोट घेतली आहे.

अंधारता अंधारता उतरले.
गुडघा कुरकुरला, पण जुन्या ओळखीने.
दुकानाच्या दारात उभी राहून
पर्स उलटी केली, कोटाचे खिसे, मफलरसुद्धा झटकला.

किल्ली.

वर त्याच्या खिडकीत दिवा होता अजून.
आज दोनदा.