परस

रविवारी आम्ही अकरा जण,
तालुक्याच्या शाळांमधले मास्तर, बाया, एक शिपाई.
गिऱ्हे सरांच्या डोक्यातून निघालेली सहल,
भाकर, ठेचा, जवसाची चटणी,
आणि वाघझिरीचा कडा.

थंडी होती. सागाची पानं
पापडासारखी मोडत होती पायाखाली.
पहिला तास मी सगळ्यांच्या पुढे.

मग झाडं संपली.
वाट दगडाला चिकटून निघाली,
आधी खाटेएवढी, पुढे पाटाएवढी,
आणि उजव्या हाताला
काही नव्हतं.
फार खाली कुणाच्या तरी खळ्यावर
तुरीची धूळ उडत होती.
मशीनचा आवाज मात्र वर पोचत नव्हता.

भीती हा माझा शाळेतला शब्द.
फळ्यावर लिहिते : भय, धास्ती, समानार्थी.
इथं पोटऱ्यांत जे उतरलं
ते भेव होतं,
चुलीपाशी बोललं जाणारं.

वाटेच्या मधोमध मी बसकण मारली.
मागचे सहा जण अडकले.
"काहून वं, थकली का?" रेवता ढोमणे म्हणाली.
थकले म्हणणं सोपं होतं.
"भेव वाटते," मी म्हटलं,
वर्गात कधी न काढलेल्या आवाजात.

माझा बाप विहिरी खोदायचा.
दहा परस, बारा परस.
सात वर्षांची मी, दोराच्या टोपल्यात बसून
त्याची शिदोरी घेऊन उतरायची.
काळी माती जायची, मुरूम यायचा, मग पाषाण,
वर आभाळ ताटलीएवढं.
तिथं मला कधी काही झालं नाही.
चारी बाजूंनी कुणीतरी धरलेलं असायचं.

ही तीच विहीर,
भिंती कुणी काढून नेलेली.

आणि तिथं बसल्या बसल्या आठवलं,
बाप कधी घरावर चढला नाही.
कवेलू फेरायला दरसाल माणूस लावायचा,
स्वतः दोन्ही हातांनी शिडी धरून खाली,
मान जमिनीकडे.
आई म्हणायची, पैसे जातात फुकट.
तो म्हणायचा, कंबर दुखते.
बारा परस उतरणारी कंबर
फक्त उन्हाळ्यात, फक्त शिडीपाशी दुखायची!
मला हसू आलं.
रेवताला वाटलं, रडते आहे.

मुन्सी कास्देकर, आमचा वाटाड्या,
वीस-बावीसचा, पुढून परत आला.
धीर वगैरे दिला नाही.
"बाई, तिकडं कशाले पायता,
तोंड इकडं करा,"
आणि दगडावर थाप मारली,
बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

मी वळले. दगड नाकाशी.
वाळल्या शेवाळाचा वास, उन्हाचा, थोडा लोखंडाचा.
बोटाच्या पेराने ठोकून पाहिला,
बाप पाहायचा तसा.
बद्द वाजला तर पोकळ.
खणखणीत वाजला.
एक तर एक, भिंत होती.
पोट, गुडघे, गाल लावून
खेकड्यासारखी सरकत गेले.
नवा ड्रेस कोपरात फाटला,
कुणी फोटो काढला असेल तर असेल.
चाळीस पावलं, मी मोजली.
मुन्सी म्हणतो, पंधरा.

माथ्यावर सगळे टोकाशी उभे राहून ओरडले,
दरीने त्यांची नावं अर्धीमुर्धी परत केली.
मी आवळ्याच्या बुंध्याला पाठ लावून भाकर खाल्ली.
टोकाशी गेले नाही.
"आता गेली ना भीती?" गिऱ्हे सरांनी विचारलं.
मी म्हटलं, ठेचा इकडे द्या.

उतरायचं होतं त्याच वाटेनं.

रात्री पोरगी गुडघ्याला हळद लावत होती.
"किती उंच होतं गं?"
"वीस परस असेल."
"परस म्हणजे?"

मी लंगडत उठले,
भिंतीला पाठ टेकून दोन्ही हात वर ताणले.
"एवढा," म्हटलं.
ती स्टूल घेऊन आली, वर चढली,
आणि माझ्या बोटांच्या टोकाशी
पेन्सिलीने रेघ मारली.
मी एका हाताने स्टूल धरून होते.
मान जमिनीकडे.